बुडबुड्यांतला गडी

वाङ्मयांत उत्तरार्धाचें नशीब सहसा बेताचेंच असतें. मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' वाचलेले (निदान वाचलें असें सांगणारे) लोक पुष्कळ. परंतु १६७१ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें 'पॅरडाइज रीगेन्ड' आवडीनें हातीं धरणारा विद्यार्थी आम्हांस तीस वर्षांच्या अध्यापनांत क्वचितच आढळला. याला ठळक अपवाद सर्व्हांटिसचा. 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ त निघाला, दुसरा १६१५ त. आणि रसिकांपैकीं पुष्कळांचा ओढा दुसऱ्या भागाकडे असतो. आमचाहि आहे. पहिल्या भागांत सांचो पांझा हा बव्हंशीं धन्याच्या मागून गाढवावर बसून जाणारा विनोदी चाकर आहे. दुसऱ्यांत तो धन्याचा खराखुरा सोबती होतो, आणि त्या सोबतीनें पुस्तकाची उंचीच वाढते.

हें सर्व आज आठवावयास कारण झाला तो मात्र एक व्हिडिओ गेम. हा शब्द वाचतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आंठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें बुद्धिबळाविषयीं लिहावें, फार तर पत्त्यांविषयीं लिहावें. पण टीव्हीवर उड्या मारणाऱ्या रंगीत चित्रांविषयीं लिहूं नये, असा एक अलिखित संकेत आहे. तो आम्ही मोडणार आहों. बुद्धिबळ हा थोर खेळ खरा. पण तो खेळतांना दोन माणसें एकमेकांसमोर बसतात. ज्या खेळाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे तो खेळणारीं माणसें एकमेकांच्या शेजारीं बसतात, आणि आमच्या मतें हा फरक लहान नाहीं.

खेळाचें नांव 'रेमॅन लेजंड्स'. फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेलिए म्हणून शहर आहे. तेथील युबिसॉफ्ट कंपनीच्या शाखेंत तो तयार झाला आणि २०१३ च्या ऑगस्टअखेरीस युरोपांत विक्रीस आला. २०११ सालच्या 'रेमॅन ओरिजिन्स' या खेळाचा हा उत्तरार्ध. त्याची जात म्हणाल तर ज्याला 'प्लॅटफॉर्म गेम' म्हणतात ती: नायकानें पडद्यावर बहुधा डावीकडून उजवीकडे धावत सुटावें, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उडी घ्यावी, दरी आली तर ओलांडावी, कांटे आले तर चुकवावे, आणि शेवटची खूण गांठावी. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या जपानी खेळानें १९८५ त या जातीला जें वळण लावलें तें अजून सुटलेलें नाहीं.

रेमॅन हा नायक १९९५ चा, आणि मिशेल आन्सेल हा त्याचा जनक. या नायकाच्या अंगाची रचना मोठी गमतीची आहे. त्याला पंजे आहेत, पण दंड नाहींत. पावलें आहेत, पण पाय नाहींत. मान तर नाहींच. हे सर्व अवयव धडाभोवतीं अधांतरीं तरंगत असतात. त्या काळच्या यंत्रांवर सांध्यांसकट हातपाय हलते दाखविणें अवघड, म्हणून ते गाळूनच टाकले. आणि या काटकसरींतून असें एक रूप निघालें कीं, पुढें यंत्रें कितीहि सबळ झालीं तरी त्याला हातपाय जोडण्याची बुद्धि कोणास झाली नाहीं. वृत्ताच्या अडचणीमुळें कवीला सुचलेला एकादा शब्द भाषेंत कायमचा राहून जातो, तसलाच हा प्रकार.

पुढें १९९९ त या नायकाला सपाट पडद्यांतून काढून तिसऱ्या मितींत फिरविलें. २००६ त तर त्याच्याच नांवावर निघालेल्या खेळांत वेडसर सशांच्या टोळीनें असा कांहीं धुडगूस घातला कीं, धनी बाजूला राहून पाहुणेच घराचे मालक झाले. म्हणून २०११ त रेमॅन पुन्हा सपाट पडद्यावर धावूं लागला, तेव्हां जुन्या चाहत्यांस तो माहेरीं आल्यासारखा वाटला असल्यास नवल नाहीं. चित्रकारानें काढलेलें चित्र थेट खेळांत उतरवितां यावें, मध्यें यंत्रज्ञांची फार मोठी दलाली नसावी, या हेतूनें 'युबिआर्ट' नांवाची साधनसामग्री तेथें मुद्दाम बनविली होती. तिचा पहिला उपयोग 'ओरिजिन्स'मध्यें झाला आणि दुसऱ्या खेळांत ती चांगली हातवळणीं पडली. 'लेजंड्स' हा आरंभीं निन्टेंडोच्या 'वी यू' या एकाच यंत्राकरितां योजलेला असून २०१३ च्या फेब्रुवारींत यावयाचा होता. इतर यंत्रांवरहि तो त्याच वेळीं निघावा म्हणून ऐन वेळीं अर्धें वर्ष लांबविण्यांत आला. गिऱ्हाइकें चिडलीं, कारागीरहि खट्टू झाले. पण मधल्या महिन्यांत त्यांनीं खेळांत आणखी भर घातली. दिरंगाईचा असा उपयोग आमच्या विद्यापीठीय निकालांच्या बाबतींत मात्र कधीं झालेला ऐकिवांत नाहीं.

खेळ सुरू होतो तो एका चित्रशाळेंत. भिंतींवर चौकटींतून चित्रें टांगलेलीं आहेत, आणि पाहिजे त्या चित्रांत उडी घेतली कीं तें चित्रच तुमचें जग होतें. कथा म्हणून जी आहे ती चिमूटभर: नायकमंडळी शंभर वर्षें घोरत पडली, तेवढ्या अवधींत दुःस्वप्नें माजलीं, आणि लांब नाकाच्या टीन्सी नांवाच्या चिमुकल्या प्राण्यांस पकडून जागोजाग डांबून ठेविलें. असे ७०० टीन्सी सोडवावयाचे. कथेचें काम एवढ्यावर भागतें, कारण बाकी सर्व भार रंगांनीं उचलला आहे. रानाची निळसर हिरवी सावली, तींत पानांआडून गळणारा उजेड, पाठीमागें तीनचार पदर धुक्याचे: हें इतकें जिवंत आहे कीं, उभें राहून पाहावें तर पाठीवर राक्षस येऊन बसतो. एक जग सबंध मेक्सिकोच्या मृतांच्या सणावर रचलें आहे. तेथें सांगाडे वाद्यें वाजवितात, जमीन केकची आहे, आणि मर्फी नांवाचा एक हिरवा माशीसारखा मदतनीस डोंगर खात खात वाट करून देतो; मध्येंच नायकाला कोणीतरी बदक करून टाकतो आणि मग त्याच इवल्या पंखांनीं सगळा प्रवास करावा लागतो. समुद्राखालच्या जगाचें नांव झ्यूल व्हर्नच्या सुप्रसिद्ध पाणबुडीच्या कादंबरीच्या नांवावर कोटी करून ठेविलेलें आहे. तेथें मात्र रंग एकदम आटोपते घेतले असून काळोखांत हेरांसारखें, प्रकाशाचे झोत चुकवीत, दबकत जावयाचें. ग्रीक देवतांचें जग आम्हांस त्या मानानें फिकें वाटलें. पुराणांची थट्टा करावयाची तर पुराण अधिक मुरलेलें पाहिजे.

परंतु डोळ्यांपेक्षांहि कानाला या खेळानें अधिक दिलें आहे. जगाजगाच्या शेवटीं एक गाण्याचा टप्पा येतो. क्रिस्तोफ एराल आणि बिली मार्टिन यांनीं या खेळाचें संगीत केलें. गाणें सुरू झालें कीं पळत सुटावयाचें. थांबावयाची सोय नाहीं. ढोलाच्या घावासरशीं उडी, गिटारच्या तारेबरोबर घसरण, गायकाच्या आरोळीला शत्रूच्या तोंडावर ठोसा. वाटेंतील प्रत्येक ओटा, प्रत्येक राक्षस गाण्याच्या मात्रेवर बसविलेला आहे. नवशिका डोळ्यानें खेळतो आणि पडतो. दहा वेळां पडल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, पायाखालीं काय आहे तें पाहण्याचें कारणच नाहीं, समेवर आलें म्हणजे जमीन तेथें असतेच. पुढें पुढें तर हींच गाणीं जुन्या यंत्रांच्या चिरक्या आवाजांत परत येतात आणि पडद्यावरचें चित्र मुद्दाम फाटतें, फुगतें, कणाकणांनीं विस्कटतें. मग भरंवसा केवळ तालाचा. ज्यांनीं लहानपणीं तबल्याच्या मास्तरांच्या टपल्या खाल्ल्या आहेत त्यांस येथें थोडें अधिक व्याज मिळेल. आम्हीं त्या खाल्ल्या होत्या.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. हा खेळ एकट्यालाहि खेळतां येतो. पण बहुतेक यंत्रांवर चार जणांस एकाच पडद्यावर, एकाच वेळीं खेळण्याची सोय आहे. कोणी रेमॅन व्हावें, कोणी ग्लोबॉक्स नांवाचा ढेरपोट्या निळा बेडूक, कोणी कुऱ्हाड घेतलेली बार्बारा नांवाची राजकन्या. सर्वांनीं मिळून टीन्सी सोडवावयाचे आणि सोनेरी ठिणग्यांसारखे लम नांवाचे जीव गोळा करावयाचे. आतां चार माणसें म्हटलीं म्हणजे चार प्रकारचीं बोटें आलीं. एकाची बोटें पंधरा वर्षांचीं, एकाचीं पंचावन्न वर्षांचीं. मग यांतला कच्चा गडी पडला कीं त्याचें करावयाचें काय? चारचौघांच्या खेळांची सारी परीक्षा या एका प्रश्नांत आहे.

जुन्या यंत्रांनीं या प्रश्नाचें उत्तर रोखठोक देऊन ठेविलें होतें. नाणें टाकून खेळावयाचीं तीं यंत्रें. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून खेळणाराला मोजून तीन जीव मिळत. ते संपले कीं नवें नाणें टाका, नाहीं तर जागा सोडा. दुकानदाराच्या गल्ल्यानें केलेला हा नियम पुढें घरच्या यंत्रांतहि वर्षानुवर्षें चालत राहिला. तेथें गल्ला नव्हता, तरी तीन जीव होतेच. 'रेमॅन'नें जिवांची ही मोजदादच काढून टाकली. एकटा खेळणारा पडला तर थोडा मागें जाऊन पुन्हां धावूं लागतो. पण सोबत असतांना पडला तर तो एका बुडबुड्यांत जातो.

या बुडबुड्याचें वर्णन आम्हांस सावकाश करावयाचें आहे. गडी पडला, भाजला, दरींत गेला किंवा धांवतां धांवतां मागें राहून पडद्याबाहेर गेला, कीं पुढच्या क्षणीं तो फुगून, हातपाय पसरून, एकाद्या फुग्यासारखा पडद्यावर तरंगूं लागतो. त्याला लढतां येत नाहीं, लम वेंचतां येत नाहींत. पण तो पडद्यावरच राहतो. इतकेंच नव्हे, तर बटन दाबून त्याला हळूंहळूं सोबत्यांच्या दिशेनें सरकतां येतें. सोबत्यानें पोंचून त्याला एक चापट मारली कीं फट्‌ करून बुडबुडा फुटतो आणि गडी पुन्हां पायांवर. बस्स. ना दंड, ना गुणांत कपात, ना उपकाराचें भाषण. सगळेच्या सगळे बुडबुड्यांत गेले तरच डाव थोडा मागें जातो. एकजण जरी उभा असेल तरी सर्वांचा डाव चालूच.

ही कल्पना सर्वस्वीं याच खेळाची नव्हे. २००९ सालच्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्यें बुडबुडे होते. परंतु तेथें प्रत्येक पडण्याला एक जीव खर्ची पडे, म्हणजे बुडबुड्याच्या मागें वाण्याची वही होतीच. ती वही या फ्रेंचांनीं फाडून टाकली. आणि खरें पाहतां आम्हां मराठी माणसांस या युक्तीचें नवल वाटावयास नको. वाड्याच्या अंगणांत 'विष-अमृत' खेळलेलीं माणसें अजून पुष्कळ आहेत. ज्यावर राज्य असेल त्यानें शिवून 'विष' म्हटलें कीं जागच्या जागीं थिजावयाचें, आणि सोबत्यानें धावत येऊन 'अमृत' म्हणून हात लावला कीं सुटावयाचें. हुतूतूच्या संजीवनी प्रकारांतहि मेलेला गडी जिवंत होतो. पण त्याकरितां समोरच्या पक्षाचा गडी मारावा लागतो. एकाचें उठणें दुसऱ्याच्या पडण्यावर अवलंबून. विष-अमृतांत आणि बुडबुड्यांत तसें नाहीं. तेथें फक्त कोणीतरी जवळ यावें लागतें. मात्र बुडबुड्यांतला गडी म्हणजे लिंबूटिंबू नव्हे, हें विसरूं नये. लिंबूटिंबूला पडल्याचें कोणी मोजतच नाहीं, आणि हा अपमान चार वर्षांच्या पोरालाहि कळतो. बुडबुड्यांतला गडी खरोखर पडलेला असतो, तें सर्वांना दिसत असतें, आणि तरीहि तो डावांत असतो.

आमचा धंदा परीक्षेचा. दरवर्षीं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आमच्यापुढें येतात, आणि प्रत्येक उत्तरपत्रिका एकट्यानेंच लिहिलेली असली पाहिजे हें पाहणें हें आमचें कर्तव्य असतें. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. दुसरा मार्ग आम्हांस माहीत नाहीं. पण निकाल लागल्यावर एक गोष्ट घडते ती आम्ही तीस वर्षें पाहत आलों आहों. नापास झालेला मुलगा पडद्यावर राहत नाहीं. तो वर्गांतून जातो, कट्ट्यावरून जातो, सोबत्यांच्या बोलण्यांतून जातो; पुढें कधीं रस्त्यांत दिसलाच तर पलीकडच्या बाजूनें जातो.

दोन वर्षांपूर्वीं असा एक मुलगा आमच्या घरींच होता. बारावीनंतर तो परगांवच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेला आणि दोन सत्रें संपल्यावर ट्रंक घेऊन परत आला. बहुतेक विषय राहिले होते. ते पुन्हां देण्याची त्याची इच्छा नव्हती. घरांत कोणी रागावलें नाहीं, कोणी रडलें नाहीं. नातेवाईक आले कीं तो आंतल्या खोलींत जाई, आणि आम्ही त्यांच्याशीं पावसाविषयीं बोलत असूं. 'जेवायला चल' आणि 'दिवा मालव' या दोन वाक्यांवर आम्हां बापलेकांचे कित्येक आठवडे निघाले.

हें यंत्र आणलें तें मुलांच्या मामांनीं, धाकट्या कन्येच्या वाढदिवसाला. तिनें आम्हांस ओढून बसविलें, कारण एकटीनें खेळण्यांत गंमत नाहीं असा तिचा निर्णय होता. आम्ही बेडूक झालों आणि पहिल्या अर्ध्या तासांत बव्हंशीं बुडबुड्यांतच राहिलों. सौभाग्यवती शेजारीं मेथी निवडीत होत्या. त्या आम्हांस दरी येण्यापूर्वीं 'अहो, खड्डा!' असें ओरडून सांगत आणि आम्ही त्यांच्याकडे वळून पाहण्याच्या नादांत खड्ड्यांत जात असूं. थोरला मुलगा मागें वर्तमानपत्र घेऊन बसला होता. तिसऱ्या कीं चौथ्या संध्याकाळीं आम्ही असेच तरंगत असतां मागून आवाज आला, "बाबा, नुसते तरंगूं नका. बटन दाबत तिच्याकडे जा." मग तो उठला, दुसरा कंट्रोलर घेतला आणि आमच्या डाव्या बाजूस येऊन बसला. खेळांत त्याचा हात आम्हां दोघांहून पुष्कळच चांगला होता. त्या दिवशीं त्यानें आम्हांस किती वेळां फोडून बाहेर काढलें तें मोजण्याची खेळांत सोयच नाहीं.

पुढें एका रात्रीं कन्या मैत्रिणीकडे गेली होती आणि आम्ही दोघेच होतों. समोर आगीची भिंत मागून रेटीत येणारा एक टप्पा. त्यांत कधीं नव्हे तो मुलगाच पडला. पडद्यावर उभा असलेला एकुलता एक गडी म्हणजे आमचा तो जड बेडूक, आणि वर बुडबुडा. आमची पहिली चापट हवेंत गेली, दुसरी एका राक्षसाला लागली. मुलगा हंसला नाहीं. तो बटन दाबीत आपला बुडबुडा आमच्या दिशेनें आणीत होता आणि पडद्यावरची नजर न काढतां म्हणाला, "हळू, बाबा. मी येतोय तुमच्याकडे." तिसरी चापट लागली. खेळ संपल्यावर आम्हीं यंत्र बंद केलें नाहीं. चित्रशाळेंत ते दोन नायक उभे होते, आणि त्यांच्याकडे पाहत पाहत त्यानें त्या महाविद्यालयांतल्या वर्षाची हकीकत प्रथमच सांगितली. ती सांगण्याचें हें ठिकाण नव्हे. समोरासमोर बसून ती त्याला सांगतां आली असती असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.

खेळ निर्दोष आहे असा ग्रह होऊं नये. सोबत्यांस चापटा मारण्याची जी मुभा बुडबुड्याकरितां ठेविली आहे ती बुडबुडा नसतांनाहि चालूच असते, आणि तिचा उपयोग भावंडें कसा करतात तें सांगावयास नको. मर्फीची योजना तर आमच्या यंत्रावर फसलेलीच आहे. मूळच्या 'वी यू'वर एक गडी हातांतल्या निराळ्या पडद्यावर बोटानें दोर कापतो, ओटे फिरवितो, राक्षसांस गुदगुल्या करतो आणि बाकीचे त्याच्या भरंवशावर धावतात; म्हणजे ज्याला उडी मारतां येत नाहीं त्यालाहि खरें काम होतें. इतर बहुतेक यंत्रांवर तें सारें एका बटनावर येऊन ठेपलें. ज्या अर्ध्या वर्षांत एवढी भर घातली त्यांत याची भरपाई करावयास हवी होती.

दुसरा एक आक्षेप पुष्कळ समीक्षकांनीं घेतला: दूरदूर बसलेल्या गड्यांस आंतरजालावरून हा प्रवास एकत्र खेळतां येत नाहीं, सर्वांनीं एकाच पडद्यासमोर यावें लागतें. आम्ही हा आक्षेप प्रथम वाचला तेव्हां त्याला दोष म्हणण्यास तयार नव्हतों. कोपराला कोपर लागल्याखेरीज या खेळाला चव नाहीं असेंच आमचें मत होतें, आणि आहे. परंतु गेल्या वर्षापासून मुलगा दुसऱ्या गांवीं वनस्पतिशास्त्र शिकतो आहे, आणि हा आक्षेप घेणाऱ्यांची घरें कशीं असतील याची आतां आम्हांस थोडी कल्पना येते.

चित्रशाळेंतल्या आंकड्याप्रमाणें आमचे ६१३ टीन्सी सुटले आहेत. उरलेल्या ८७ त बहुतेक राजे आणि राण्या आहेत. ते भिंतींआडच्या चोरवाटांतून लपविलेले असतात आणि नुसत्या धांवण्यानें सांपडत नाहींत. कन्येनें कोठें कोठें शोधावयाचें त्याची यादी वहींत करून ठेविली आहे. दिवाळीला भाऊ येईल तेव्हां सुरुवात समुद्राखालच्या काळोखापासून करावयाची, असें तिनें ठरविलें आहे. आम्हांस त्या वाटेवर बेडूक नको, कांहीं हलकें पात्र घ्या, असेंहि बजावून ठेविलें आहे.